‘कशावरून?’ : वाचनातील अनुमान आणि भाषिक अडचणी असलेला विद्यार्थी

१. प्रश्नाचे स्वरूप

धडा न अडखळता वाचणारा, उच्चार स्वच्छ असणारा, शुद्धलेखनातही फारसा न चुकणारा विद्यार्थी धड्याखालच्या ‘का?’ आणि ‘कसे?’ या प्रश्नांपाशी मात्र थबकतो, हा मराठीच्या बहुतेक शिक्षकांचा अनुभव आहे. ‘कोण’, ‘कोठे’, ‘केव्हा’ यांची उत्तरे तो धड्यातून उचलून देतो. परंतु जे धड्यात लिहिलेले नाही आणि तरीही धड्याने सांगितलेले आहे, ते त्याच्या हाती लागत नाही. ‘लक्ष नाही’, ‘पाठ करतो, समजत नाही’ किंवा सरळ ‘ढ’ अशा शब्दांत त्याची संभावना होते. त्याची अडचण नेमकी कोठे आहे आणि ती दूर करण्यासाठी साहित्याच्या अध्यापकाला काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सरावासाठी रचलेला चार वाक्यांचा पुढील उतारा पाहावा :

बाबा खाडीवरून आले. आईने त्यांच्याकडे पाहिले आणि धुऊन ठेवलेली पाटी पुन्हा माळ्यावर टाकली. “आजही भाजीच का?” धाकट्याने विचारले. कोणीच उत्तर दिले नाही.

बाबा मासेमारी करतात, आज जाळ्यात काही आलेले नाही, आई एरवी मासळी विकायला बाजारात जाते व आज जाणार नाही, हा पहिलाच रिकामा दिवस नव्हे, आणि घरातल्या मोठ्या माणसांजवळ धाकट्याला सांगण्यासारखे काही उरलेले नाही, एवढे सगळे या उताऱ्यातून कळते. ‘मासळी’ हा शब्द मात्र त्यात एकदाही येत नाही.

आता भाषिक अडचण असलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हाच उतारा वाचावा. ‘पाटी’ म्हणजे लिहिण्याची पाटी, हा शाळेत दृढ झालेला अर्थ त्याच्या मनात प्रथम येतो आणि तेथेच ठाण मांडून बसतो. पाटी धुतली व माळ्यावर टाकली, म्हणजे शाळा सुटली असावी! ‘त्यांच्याकडे’ या आदरार्थी बहुवचनामुळे बाबांबरोबर आणखी कोणी आले होते की काय, असा संभ्रम संभवतो. ‘आजही’ मधला ‘ही’ आणि ‘भाजीच’ मधला ‘च’ उच्चारले जातात, पण त्यांचे वजन जाणवत नाही. उत्तर का दिले नाही, या प्रश्नावर ‘ऐकू आले नाही म्हणून’ असे उत्तर येते. या विद्यार्थ्याने अनुमान केलेच नाही, असे म्हणता येत नाही. त्याने अनुमान केले. परंतु ते ज्या शब्दांवर उभे राहावयास हवे होते ते शब्द त्याच्या हातून निसटले. हा भेद लक्षात घेतला, तर उपाययोजनेची दिशाच बदलते.

२. परंपरेतील विचार

न सांगितलेले कसे कळते, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. मीमांसकांचे देवदत्ताचे उदाहरण प्रसिद्ध आहे. देवदत्त लठ्ठ आहे आणि तो दिवसा जेवत नाही. ही दोन विधाने एकत्र खरी ठरावयाची तर तो रात्री जेवत असला पाहिजे. दोन विधानांतील विसंगती मिटविण्यासाठी तिसरे विधान आपण होऊन पुरविणे म्हणजे अर्थापत्ती. मीमांसकांनी तिला स्वतंत्र प्रमाण मानले, तर नैयायिकांनी तिचा अंतर्भाव अनुमानात केला. वाचक वाक्यावाक्यांमधील फट ज्या रीतीने भरून काढतो, तिचे इतके नेटके वर्णन क्वचितच आढळेल. बाबा आले, पाटी पुन्हा माळ्यावर गेली. ही दोन वाक्ये एकत्र नांदण्यासाठी ‘मासळी मिळाली नाही’ हे तिसरे वाक्य वाचकाला पुरवावे लागते.

साहित्यशास्त्रात हाच प्रश्न व्यंग्यार्थाच्या रूपाने आला. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनिसिद्धान्त मांडला. पुढे महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेक’ या ग्रंथात ध्वनी म्हणून वेगळे काही मानण्याची गरज नाही, ते अनुमानच होय, असा पक्ष घेतला. या वादाचा निर्णय काहीही असो. अध्यापनाच्या दृष्टीने महिमभट्टाचा पक्ष विशेष उपयोगी आहे. व्यंग्यार्थ हे अनुमान असेल, तर त्याला हेतू असला पाहिजे. आणि हेतू असेल, तर तो बोट ठेवून दाखविता आला पाहिजे. धूर दिसला म्हणून अग्नी आहे, असे म्हणणाऱ्याला धूर दाखविता येतो, तसेच हे आहे.

‘सूर्य मावळला’ या एकाच विधानातून निरनिराळ्या श्रोत्यांना निरनिराळे अर्थ सुचतात, हे मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’तील विवेचनही येथे आठवावे. गुराख्याला ते विधान गुरे घरी वळविण्याची सूचना देते. वाट पाहणाऱ्या प्रेयसीला त्यातून वेगळेच काही कळते. अर्थात अनुमानाला शब्दांबरोबर ऐकणाऱ्याची परिस्थिती आणि त्याची पूर्वमाहितीही लागते. अभिनवगुप्ताने ‘सहृदय’ वर्णिताना काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याचे मन आरशासारखे निर्मळ झाले आहे तो सहृदय, असे म्हटले आहे. सहृदयतेमागे अभ्यास असतो, हे त्यात गृहीत आहे. आपल्या वर्गात मात्र आपण बहुधा असे समजून चालतो की, सूचित अर्थ ज्याला कळतो त्याला तो कळतो, आणि ज्याला कळत नाही त्याला सांगून टाकावा.

३. मराठीतील अनुमानाच्या जागा

अनुमान ही सर्वसामान्य मानसिक क्रिया असली, तरी तिचे आधार प्रत्येक भाषेत वेगळ्या ठिकाणी असतात. मराठीत ते फार मोठ्या प्रमाणात लहान शब्दांत आणि प्रत्ययांत आहेत. मोठे शब्द अवघड आणि लहान शब्द सोपे, ही समजूत त्यामुळे फसवी ठरते. ‘पर्जन्यवृष्टी’चा अर्थ तळटीपेत मिळतो, ‘एकदाचा पाऊस आला’ यातील ‘एकदाचा’ कोणीही समजावून देत नाही. त्या एका शब्दात मात्र दीर्घ प्रतीक्षा, त्रास आणि सुटका साठवलेली असते.

या जागांचे चार वर्ग स्थूलमानाने करता येतील. पहिला वर्ग ‘च’, ‘ही’, ‘तरी’, ‘मात्र’, ‘म्हणे’ यांसारख्या अव्ययांचा. ‘पूल होणार आहे’ आणि ‘पूल होणार आहे म्हणे’ या वाक्यांत बातमी एकच आहे. पण दुसऱ्यात ती ऐकीव आहे आणि बोलणाऱ्याचा तिच्यावर पुरता विश्वास नाही, हे ‘म्हणे’ सांगतो. दुसरा वर्ग संयुक्त क्रियापदांचा. ‘सांगून ठेवले’ यात पुढची तरतूद आहे, ‘सांगून टाकले’ यात एकदाचे मोकळे होणे आहे, ‘सांगून बसला’ यात पश्चात्ताप आहे. घटना तीच, तिच्याकडे पाहण्याची दृष्टी सहायक क्रियापदाने बदलली.

तिसरा वर्ग अध्याहृत कर्त्याचा. ‘सुमनने शेवंताला वही परत दिली. पाने फाटलेली होती. रागावली, पण बोलली नाही.’ येथे कोण रागावली? क्रियापदावरून स्त्रीलिंग कळते, परंतु दोघीही मुलीच आहेत. वही ‘परत’ दिली, म्हणजे ती मुळात शेवंताची, ज्याची वस्तू खराब होते तो रागावतो, म्हणून शेवंता. एका ‘परत’ वर सारे अनुमान टेकलेले आहे. चौथा वर्ग संबोधनांचा. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांची निवड आणि विशेषतः संवादाच्या मध्येच झालेला त्यांचा पालट नात्यातील बदल सांगून जातो. कथेतील पात्र ‘तुम्ही’ वरून एकाएकी ‘तू’ वर येते, तेव्हा लेखकाला ‘तो संतापला’ असे लिहावे लागत नाही.

४. पनवेलच्या वर्गातील भाषा

हा प्रश्न प्रत्यक्ष वर्गात कसा गुंतागुंतीचा होतो, हे पाहण्यास पनवेलसारखे दुसरे ठिकाण क्वचितच मिळेल. शहराची नगरपालिका १८५२ सालची, तिची महानगरपालिका झाली ती २०१६ मध्ये. जुन्या पेठेतील कुटुंबे, आगरी व कोळी वस्त्या, कर्नाळा आणि माथेरानच्या पायथ्याच्या कातकरी व ठाकूर वाड्या, कळंबोलीचा लोखंड बाजार आणि तळोज्याची औद्योगिक वसाहत यांच्या निमित्ताने घाटावरून व परप्रांतांतून आलेले कामगार, अशी अनेक प्रकारची घरे या एका तालुक्यात आहेत. मराठी माध्यमाच्या एकाच वर्गात त्यामुळे चार-पाच घरभाषा सहज एकत्र बसतात. आगरी, कोळी व कातकरी या बोलींची दखल ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने १९०५ मध्येच घेतली होती. वर्गातील व्यवहाराने मात्र ती अद्याप पुरेशी घेतलेली नाही.

आगरी घरातील मूल ‘पडला’ ऐवजी ‘परला’ आणि ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ म्हणते, तेव्हा ती त्याच्या बोलीची रीत असते. तिचा आकलनाच्या दोषाशी काही संबंध नाही. उलट, वर दिलेला उतारा खाडीकाठच्या या मुलाला पेठेतल्या मुलापेक्षा लवकर उलगडेल, कारण ‘पाटी’चा दुसरा अर्थ त्याच्या घरात रोज वावरत असतो. वीटभट्टीवर आईबापांबरोबर अर्धे वर्ष काढणारे कातकरी मूल धुराच्या रंगावरून भट्टीची अवस्था ओळखू शकते. एस.टी.च्या कंडक्टरने दोनदा घंटी दिली की गाडी सुटणार, हे पनवेल स्थानकावर कोणत्याही मुलाला शिकवावे लागत नाही. अनुमानाची शक्ती मुलात असतेच; छापील मराठीच्या संदर्भात ती कामी येत नाही, एवढाच याचा अर्थ.

पूर्वमाहितीचे महत्त्व दाखविणारे आणखी एक उदाहरण याच परिसरातील आहे. ‘मामांना साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला’ हे वाक्य पनवेल-उरणच्या मुलाला पुरेसे असते. मामांची शेती नवी मुंबईसाठी गेली, हे त्याला त्यातूनच कळते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना, ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींचे संपादन, जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच जणांचा गेलेला बळी, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना, एवढा इतिहास त्या आकड्यामागे उभा आहे. सातारा किंवा नांदेडच्या हुशार विद्यार्थ्याला त्या वाक्यात केवळ एक गणिती प्रमाण दिसेल. त्याला कोणी मतिमंद म्हणणार नाही. पाठ्यपुस्तकातील वाडा, ओसरी आणि तुळशीवृंदावन यांच्यापुढे अडणाऱ्या वाडीवरील मुलाला मात्र तो न्याय मिळत नाही.

५. अडचणींचे प्रकार

भाषिक अडचणींचे किमान तीन प्रकार वेगळे करणे अवश्य आहे. काही मुलांची अडचण अक्षरओळखीची व वाचनाच्या गतीची असते. सारी शक्ती शब्द जुळविण्यात खर्च झाल्याने अर्थासाठी काही उरत नाही. काहींची घरभाषा शाळेच्या भाषेहून वेगळी असते. तिसरा गट विकासात्मक भाषा-विकार असलेल्या मुलांचा. यांना घरच्या बोलीतही लांब वाक्ये, आडवळणाचे बोलणे किंवा विनोद समजण्यास कष्ट पडतात. अमेरिकेत आयोवा राज्यात टॉम्ब्लिन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बालवाडीच्या वयाच्या शंभर मुलांमागे सुमारे सात मुलांत अशी अडचण आढळली. एका वर्गात दोन-तीन मुले, हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

हे प्रकार ओळखण्याची एक सोपी, प्राथमिक रीत शिक्षकाच्या हातात आहे. एक लहान गोष्ट मुलाला त्याच्या घरच्या बोलीत, शक्य तर त्याच बोलीच्या व्यक्तीकडून, तोंडी सांगावी आणि न सांगितलेल्या गोष्टींविषयी विचारावे. ऐकून जे कळते ते वाचून कळत नसेल, तर अडचण लिपीची किंवा प्रमाण मराठीची आहे. ऐकूनही कळत नसेल, तर प्रथम श्रवणाची तपासणी आणि नंतर वाचा-भाषा तज्ज्ञाचा सल्ला आवश्यक ठरतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला असून तिच्या व्याख्येत बोललेल्या किंवा लिहिलेल्या भाषेच्या आकलनातील अडचणीही येतात. ही अक्षमता केवळ शुद्धलेखनाच्या व हस्ताक्षराच्या चुकांवरून ओळखू पाहिली, तर स्वच्छ वाचणारा पण न समजणारा विद्यार्थी तिच्या कक्षेबाहेरच राहतो.

केवळ माहिती पुरविल्याने काम भागेल काय? ब्रिटनमधील केट केन, जेन ओकहिल व त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. त्यांनी एका काल्पनिक ग्रहाविषयीची माहिती सर्व मुलांना आधी पक्की शिकविली आणि मग त्या ग्रहावरची गोष्ट सांगितली. माहिती सर्वांजवळ सारखी असूनही आकलनात कच्ची असणारी मुले अनुमानात मागेच राहिली. म्हणजे माहिती असणे आणि ती नेमक्या वेळी शब्दाशी जोडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही जोडणी शिकविता येते, असेही संशोधन सांगते. निकोला यूल व ओकहिल यांच्या १९८८ च्या अभ्यासात सात-आठ वर्षांच्या मुलांना केवळ सात लहान सत्रे मिळाली. केवळ जलद वाचनाचा सराव मिळालेल्या मुलांच्या तुलनेत अनुमानाचा सराव मिळालेल्यांची प्रगती लक्षणीय होती. उताऱ्यावर नीट चर्चेसह प्रश्नोत्तरे केलेल्या गटालाही लाभ झाला, हे येथे नोंदविले पाहिजे. गुण एखाद्या विशिष्ट तंत्रापेक्षा अर्थाकडे वळविलेल्या लक्षात असावा, असे यावरून म्हणता येईल.

६. अध्यापनाची रीत

वरील विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष एका मराठी शब्दात सांगता येतो : ‘कशावरून?’ विद्यार्थ्याच्या प्रत्येक उत्तरानंतर, ते बरोबर असो वा चूक, हा प्रश्न यावा. बरोबर उत्तर आले की थांबण्याची सवय शिक्षकाने मोडली, तर उत्तर देणाऱ्याने ते कोठून आणले हे उरलेल्या वर्गाला दिसते. ज्याला वाट सापडत नाही, त्याला मुक्कामाचे वर्णन ऐकवून उपयोग नसतो; वाट दाखवावी लागते.

त्यासाठी फळ्यावर तीन रकाने पुरेत : ‘धडा म्हणतो’, ‘आपल्याला माहीत आहे’ आणि ‘म्हणून’. पहिल्यात ‘पाटी पुन्हा माळ्यावर टाकली’ हे शब्द जसेच्या तसे; दुसऱ्यात ‘मासळी विकायला पाटी लागते; न लागणारी वस्तू माळ्यावर जाते’; तिसऱ्यात ‘आज विकायला मासळी नाही’. हेतू, व्याप्ती आणि निगमन यांचीच ही शालेय आवृत्ती होय. भाषिक अडचण असलेल्या मुलाला एकाच वेळी अनेक गोष्टी मनात धरून ठेवणे जड जाते. फळा ते ओझे स्वतःवर घेतो. याच कारणासाठी उतारा लहान असावा, पुस्तक उघडे असावे आणि उत्तरासाठी पुरेसा अवकाश द्यावा. उत्तर घरच्या बोलीत आले तरी ते स्वीकारावे. अनुमान तपासावयाचे असताना प्रमाणभाषेची परीक्षा घेणे अप्रस्तुत आहे.

दुसरी गोष्ट लहान शब्दांच्या स्वतंत्र सरावाची. ‘आज भाजी का?’, ‘आजही भाजी का?’, ‘आज भाजीच का?’ ही तीन वाक्ये शेजारी-शेजारी लिहावीत, मोठ्याने म्हणून घ्यावीत आणि प्रत्येकात विचारणाऱ्याच्या मनात काय आहे ते विचारावे. एकच प्रत्यय काढला की काय हरवते, हे विद्यार्थ्याला स्वतः जाणवले पाहिजे. ‘ठेवले’, ‘टाकले’, ‘बसला’ यांचाही असाच सराव करता येतो.

तिसरी गोष्ट चुकीच्या अनुमानाला मिळावयाच्या वागणुकीची. ‘पाटी म्हणजे लिहिण्याची’ असे उत्तर आले, तर ते खोडून न टाकता फळ्यावर राहू द्यावे आणि पुढील वाक्याशी ताडून पाहावे. लिहिण्याची पाटी धुऊन ठेवता येते, हे खरे. पण मग ‘आजही भाजीच का?’ याचा तिच्याशी संबंध काय? संबंध लागत नाही, म्हणून पहिला अर्थ मागे घ्यावयाचा. अनुमान करणे आणि आवश्यक तेव्हा ते मागे घेणे या दोन्हींना धैर्य लागते. ज्याची सतत चूक काढली जाते तो विद्यार्थी पहिलेही करीत नाही. उलट बाजूने, शब्दांचा आधार सोडून कल्पनेच्या भराऱ्या मारणाऱ्यालाही ‘कशावरून?’ हाच प्रश्न जमिनीवर आणतो. बाबा आजारी असतील, असे कोणी म्हणाले, तर ते अशक्य नाही. पण उताऱ्यात त्याला आधार नाही, हे त्यालाच शोधू द्यावे.

चौथी गोष्ट प्रश्नांच्या वर्गीकरणाची. अमेरिकेतील टॅफी राफेल यांनी १९८० च्या दशकात मांडलेली रीत मराठीतही सहज उतरते : उत्तर एका वाक्यात आहे, अनेक वाक्ये जोडून मिळते, धडा आणि आपण मिळून घडते, की केवळ आपल्या मनात आहे? उत्तर देण्यापूर्वी ते कोठे शोधावयाचे, हे विद्यार्थ्याने ठरवावे. धड्यातील वाक्य उतरून काढणे हे सर्वच प्रश्नांचे उत्तर नव्हे, ही जाणीव त्यातून होते.

७. परीक्षा आणि साहित्याचा अध्यापक

या मार्गातील मोठा अडथळा मूल्यमापनाचा आहे. वर्गात शिकविलेल्या धड्यावरील ‘का?’ चे उत्तर गाईडमध्ये तयार मिळते. ते पाठ करणारा आणि ते अनुमानाने काढणारा यांना सारखेच गुण मिळतात. किंबहुना पाठ करणाऱ्याची भाषा अधिक सफाईदार असल्याने त्याला थोडे अधिकच मिळतात. अपरिचित उताऱ्यावरील प्रश्नांत आधाराचे शब्द अधोरेखित करावयास सांगून त्यांना स्वतंत्र गुण ठेवले, तर हा दोष काही प्रमाणात दूर होईल. लेखनात कच्च्या विद्यार्थ्यालाही आपली समज दाखविण्याची संधी त्यातून मिळेल.

हा विषय शिक्षणशास्त्राचा आहे, साहित्य-विभागाचा नव्हे, असा आक्षेप संभवतो. परंतु शाळा-महाविद्यालयांतील मराठीचे बहुसंख्य शिक्षक साहित्य-विभागांतूनच बाहेर पडतात. तेथे त्यांनी लक्षणा-व्यंजनेची लक्षणे व उदाहरणे अभ्यासलेली असतात. ती परीक्षेपुरती राहतात आणि वर्गात जाताना मागे पडतात. वास्तविक व्यंग्यार्थ शब्दापासून वाचकापर्यंत कसा पोहोचतो, याचे शास्त्र ज्याला ठाऊक आहे, तोच तो कोठे अडतो हेही सांगू शकेल. पदव्युत्तर वर्गातही ‘या कथेतील सूचकता’ अशा मथळ्याखाली निष्कर्ष उतरवून घेण्याऐवजी ती सूचकता कोणत्या प्रत्ययावर, कोणत्या अव्ययावर, कोणत्या संबोधनावर उभी आहे, हे दाखविण्याची शिस्त लागली, तर तिचा लाभ शेवटी शाळेतील त्या विद्यार्थ्यालाच होईल.

त्या विद्यार्थ्याचे नुकसान केवळ मराठीच्या गुणांपुरते नसते. करारपत्रातील ‘तथापि’, नोटिशीतील ‘अन्यथा’, औषधाच्या चिठ्ठीतील ‘फक्त’ यांच्या आड जे सांगितलेले असते ते ज्याला वाचता येत नाही, त्याला पुढे प्रत्येक कागदासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. पनवेलसारख्या भागात, जेथे दोन पिढ्यांचे भवितव्य जमिनीच्या कागदपत्रांवर ठरले, तेथे हे वेगळे सांगावयास नको. न लिहिलेले वाचता येणे हा रसिकतेचा अलंकार म्हणून गणला जातो. व्यवहारात ती साक्षरतेची पुरी होण्याची अट आहे.